रविवारचे कंदी पेढे

अहो, आता दार वाजलं तरी मी दचकत नाही. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं. काल तुमचं तेरावं झालं, आज सकाळी पाहुणे एसटीला लागले, आणि मी कागद-पेन घेऊन बसले. शालू आत बाळाला निजवतेय. तिला वाटतंय आईने शाळेचं काहीतरी काम काढलं. वाटू दे. उभ्या जन्मात मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. तुम्ही सहा दिवस कुपवाडच्या कारखान्यात आणि सातव्या दिवशी पुण्याच्या रेसकोर्सवर. मधे पत्र शिरायला जागा कुठे होती?

खरं सांगू का? तुम्ही गेलात, मी रडले, सगळ्यांनी बघितलं. पण त्या रडण्याखाली भीती होती ती कोणाला दिसली नाही. घरातला कर्ता माणूस गेलेला आणि मी बाई दाराच्या कडीकडे कान लावून बसलेली, की आता कोण येतंय वसुलीला. भाऊजींनी तर दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "वैनी, कुनी कागद घिऊन आलं तर सही करू नका. आदी मला बोलवा." म्हणजे सख्ख्या भावालाही तीच शंका. घोड्याच्या नादी लागलेला माणूस मागे काय ठेवून जातो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त तोंडावर कोणी बोलत नाही.

कुपवाडहून तुमचे सोबती यायचे, कोणी मोपेडवर, कोणी स्कूटरवर डबलसीट. बिचारे हात जोडून सतरंजीवर बसायचे आणि मी प्रत्येकाच्या खिशाकडे बघायची. एक जण कातडी पिशवी मांडीवर घेऊन बसला तो उठेचना. मी मनात हप्ते मोजायला लागले. शेवटी त्याने पिशवीतून तुमचा लोखंडी पान्हा काढला. "अण्णांनी दिलता. परत द्यायचा राहिला," म्हणाला. तो पान्हा छातीशी धरून मी अशी काही हमसून हमसून रडले की त्या माणसाचेही डोळे भरून आले. त्याला काय सांगणार, की बाबा रे, पान्हाच निघाला म्हणून रडतेय!

तुमच्या घोड्यांच्या वेडाबद्दल मी लग्नाच्या आधीच ऐकलं होतं. मामंजींचा टांगा होता सांगली-मिरज रस्त्यावर, आणि त्याला चंद्री नावाची घोडी. रिक्षा आल्या, टांगा मोडला, चंद्री विकली. तुम्ही कारखान्यात लागलात, पण मन तबेल्यातच राहिलं. पुण्याच्या रेसकोर्सवरची ती लाखालाखाची जनावरं, इंग्रजी नावांची, आणि तुम्ही घरी येऊन सांगणार, "आज एक बघितली, अगदी आपल्या चंद्रीगत कान करती." चंद्रीला मरूनही जमाना झाला असेल. तुम्हाला दर रविवारी एक नवी चंद्री भेटायची.

"मास्तरीण, तू येकदा चल तर खरी," असं तुम्ही म्हणायचात. "शर्यत नगं बघू. नुसती शर्यतीच्या आदी घोडी गोल फिरवतात ती बघ. जीव हरकून जातो." आणि मी म्हणायची, "शाळेत मुलांना मी सांगते जुगार वाईट, आणि रविवारी जाऊन रेलिंगला धरून उभी राहू? कोणी पालक भेटला तर?" तुम्ही हसायचात. "पालक भेटला तर त्योबी जुगारीच की. त्यो काय सांगतोय!" बोलण्यात तुम्ही कधी हरला नाहीत. तेवढ्यातच हरला नाहीत.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मला तुमचा हिशेब कळला नव्हता. मग कळला, आणि तो फार सोपा होता. पुण्याहून येताना गाडी सातारा स्टेशनवर थांबते, तिथे पाटीवाला कंदी पेढे विकतो. तुम्ही हरलात की तिथे उतरून माझ्यासाठी पेढ्यांचा बॉक्स घ्यायचात. अपराधी वाटायचं ना! जिंकलात की हात हलवत यायचात, कारण तुमचं एक खूळ होतं. जिंकलेला पैसा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, आणला की तो रुसतो. तो परत पुढच्या रविवारी घोड्यावरच लागायचा. म्हणजे जिंकलात काय आणि हरलात काय, माझ्या वाट्याला कधी काही आलंच तर हरल्याचे पेढे. शेजारच्या सुमनताई बॉक्स बघून म्हणायच्या, "आज जिंकले वाटतं अण्णा!" आणि मी हसून त्यांच्या पोरांच्या हातावर पेढे ठेवायची. एकही तोंडात घातला नाही कधी. घशाखाली उतरलाच नसता.

एकदाच तुम्ही ते खूळ मोडलंत आणि जिंकलेल्या पैशाचा रंगीत टीव्ही आणलात. अख्खी गल्ली आपल्या घरात. तुम्ही मधोमध बसून चॅनेल बदलताय, शालू टाळ्या पिटतेय, आणि मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी खूश होते. मला वाटलं, जुगार इतकाही वाईट नसावा. पुढचे रविवार तुम्ही ओळीने हरलात आणि सगळं खापर त्या बिचाऱ्या टीव्हीवर फोडलंत. "तरी म्हणत हुतो, घरात आणू नगं." एक दिवस मी शाळेतून आले तर टीव्ही नाही. स्टूल तेवढं उभं, वर मी विणलेला रुमाल. त्या स्टुलावर मग मी दरवर्षी गणपती बसवला. अजूनही बसवते. तुम्ही त्याच्याकडे बघायचं टाळायचात.

पण त्या रविवारचं मला अजून टोचतं. कराडची मंडळी शालूला बघायला येणार होती. तुम्ही म्हणालात, पहिल्या दोन रेसी बघतो आणि दुपारच्या गाडीने पोचतो. शालू माझी काठापदराची साडी नेसून बसली. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, "मुलीचे वडील कुठे आहेत" हे तिसऱ्यांदा विचारून झालं. मी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. रविवारी कसला ओव्हरटाइम, हे त्या लोकांनाही कळत होतं. ते उठून गेले, आणि तुम्ही आलात शेवटच्या गाडीने, हातात बॉक्स.

मी तोंड उघडणार होते. पण शालूच उठली. साडी तशीच. तुमचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बाबा, माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा. घोड्यावर परत पैसा लावणार नाही." तुमच्या हातातला बॉक्स खाली पडला. तुम्ही शपथ घेतलीत. बापाला रडताना पोरीने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

शपथ घेतलीत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पुण्याच्या गाडीत! "बगाय जातोय. नुसता बगाय." काय भांडलो आपण त्यावरून. मी म्हणायची, तहानलेला माणूस नुसतं नदी बघायला जातो का? तुम्ही म्हणायचात, श्यपत पैशाची हाय, डोळ्यांची न्हाई. शालूचं लोणंदला लग्न झालं, चांगल्या घरी पडली, आणि तुमच्या रविवारच्या गाडीला ती फलाटावर बाळाला दाखवायला यायची. तिचा तुमच्यावर विश्वास होता. माझा नव्हता. कारण काही रविवारी तुम्ही परत बॉक्स घेऊन यायला लागला होतात.

बॉक्स दिसला की मी समजायची, हरले. शपथ मोडली, पोरीच्या डोक्यावरची. मग आठवडाभर अबोला. ताट आपटून वाढणं. पेढे सुमनताईंच्या पोरांना. आणि तुम्ही रिकाम्या हाताने आलात की मी समजायची, आज पैसा लावलाच नाही, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मी लसणाची चटणी ठेचायची, गरम भाकरी वाढायची, आणि तुम्ही मात्र तोंड पाडून जेवायचात. मला वाटायचं, घोड्यांवाचून जीव रमत नाही म्हणून उदास आहेत. बघा, एका घरात राहून कशी गंमत होते माणसांची.

त्या शेवटच्या रविवारी तुम्ही आलात ते रिकाम्या हाताने, पण शीळ घालत. मी चपापलेच. बॉक्स नाही आणि हे खूश! शपथेनंतर असं कधी झालं नव्हतं. मीही खुशीत, तुम्हीही खुशीत, एकाच दिवशी. मला वाटलं, सुटले एकदाचे त्या नादातून. तुम्ही हातपाय धुतलेत आणि थेट स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर रेस मांडलीत. हे पूर्वी तुम्ही शालूसाठी करायचात, आठवतं? मिरची एक घोडा, लिंबू एक घोडा, बटाटा, टोमॅटो. त्या दिवशी एक काळंभोर वांगं पण उचललंत. "ही वांगी बग. सगळ्यात मागं. लोक म्हनत्यात गेली ही. आन वळनावर, बग, बग, कशी आतनं सरकती!" उलथन्याने तुम्ही वांगं पुढे ढकलताय, बटाटा खाली घरंगळला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मग? कोण आलं पहिलं?"

"वांगं!" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की सुमनताईंनी भिंतीवर थापटी मारली.

मी हसत सुटले. तुम्ही उलथनं खाली ठेवलंत. मग म्हणालात, "अगं, तुला एक सांगायचं हाय. लय दिस झालं." मी म्हटलं, आधी जेवा. जेवण झालं. मी म्हटलं, आता सकाळी सांगा, मला उद्या सातची शाळा आहे. सकाळी तुम्ही म्हणालात, संध्याकाळी कामावरनं आलो की निवांत सांगतो. चहा घेतलात, बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात, आणि वर आलाच नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी हाच विचार करत होते, की काय सांगायचं होतं. आणि माझ्या मनाने एकच उत्तर काढलं: देणं. कुणाकडून तरी उचल केली असणार, ती सांगणार होते.

काल दुपारी पंगत बसली. सुतक संपलं, तोंड गोड करा म्हणून जाऊबाईंनी शिऱ्याचा घास माझ्या ओठाला लावला. मी तोंड फिरवलं. चार वाजता सगळे पांगले आणि दार वाजलं. दारात रहिमतपूरचे बापू टेलर, तुमचे रेसचे सोबती. पंधरा वर्षं एका बाकावर बसून पुण्याला गेलात तुम्ही दोघं, आणि मी त्यांना घरात कधी पाणी विचारलं नाही. माझ्या लेखी तुम्हाला बिघडवणारा माणूस तोच. काखेत मोठी पिशवी. मी मनात म्हटलं, आलं. ज्याची वाट बघत होते ते आलं.

ते खाली मान घालून बसले. मला कुठला धीर? मी सरळ विचारलं, "किती आहे?"

"काय किती, वैनी?"

"देणं हो. यांचं तुमच्याकडे. सांगून टाका. मी शिक्षिका आहे, कोणाचं बुडवणार नाही. हप्त्याने देईन."

बापूंनी मान वर केली. "त्यांचं? त्यांचं काय बी न्हाई वैनी. माजंच हाय." आणि त्यांनी पिशवीतून पेढ्यांचे दोन बॉक्स काढून माझ्यासमोर ठेवले.

मला काही उमगेना. मग ते सांगायला लागले, रडत, मधेच हसत. शपथ घेतल्यापासून तुम्ही एक पैसा लावला नाहीत. तिकीटखिडकीच्या बाजूला फिरकलाही नाहीत. घोडी गोल फिरवतात तिथे तुम्ही दोघं रेलिंगला उभे राहायचात, तुम्ही एक घोडा सांगायचा, बापूंनी एक सांगायचा. ज्याचा पुढे येईल त्याला दुसऱ्याने सातारा स्टेशनवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन द्यायचा. तुम्ही जिंकलात की बॉक्स सांगलीला, बापू जिंकले की रहिमतपूरला. त्या एका बॉक्सपायी तुम्ही, बापू म्हणतात, लाखाची बोली लागल्यासारखे ओरडायचात. हरलात की लोणंद येईपर्यंत बोलायचा नाहीत. लोणंदला नातू दिसला की मग जरा निवळायचात.

"आन त्या रविवारी?" मी विचारलं. बोलता बोलता मी पण त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"त्या रविवारी अण्णांचं घोडं आलं. सगळ्यात मागनं आलं. आन सातारला बघतोय तर पाटीवालाच न्हाई! म्या म्हनलं, अण्णा, फुडल्या रविवारी दोन देतो. ते म्हनलं, चालंल, आज तसाच जातो." बापूंनी डोळे पुसले. "मयताच्या घरी पेढं कसं आनायचं, म्हनून तेराव्यापतोर थांबलो. माज्या डोक्यावर नगं राहायला."

मी विचारलं, मग हे मला सांगितलं का नाही? एवढी वर्षं मी त्यांच्याशी कशी वागले, माहीत आहे तुम्हाला?

"म्या लय बारी म्हनलं, वैनीस्नी सांगून टाका. तर म्हनायचे, ती मास्तरीण हाय. पैसा लावला काय आन पेढा लावला काय, तिच्या लेखी पैज ती पैजच. पोरीची श्यपत मोडली म्हनंल."

अहो, आणि मी तसंच म्हटलं असतं हो! अगदी ह्याच शब्दांत. नवरा बायकोला ओळखतो म्हणतात ते काय खोटं नाही. आजही माझं मत तेच आहे, पेढा लावणं ही पैजच. शालूला मी काल सगळं सांगितलं, ती म्हणते आई, पैसा म्हणजे पैसा, बाबांनी शपथ पाळली. मी म्हटलं, पेढे काय फुकट येतात? आमचं त्यावरून जुंपलं. तुम्ही असतात तर कसे शालूच्या मागे लपून हसला असतात.

पण काय सांगू तुम्हाला, कसं हलकं वाटलं ते. कोणाचं देणं नाही. पोरीच्या डोक्यावरचा हात खोटा नव्हता. आणि तुम्ही खूश व्हायचात, मनापासून, त्या पोरकट पैजेपायी. दारात बॉक्स घेऊन उभे असायचात ते जिंकलेले असायचात. मला दाखवायला आणायचात. आणि मी कपाळाला आठ्या घालायची. असो. त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की शेवटच्या रविवारी पाटीवाला आला नाही. आला असता तर तुम्ही बॉक्स घेऊन आला असतात, मी तोंड फिरवलं असतं, आणि सोमवारी सकाळी तुम्ही माझ्या अबोल्यातच गेला असतात. त्या पाटीवाल्याला त्या दिवशी ताप आला होता की लग्न होतं कोण जाणे. त्याचं भलं होवो.

बापूंना मी चहा दिला. बॉक्स उघडला, पहिला पेढा तुमच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा मी खाल्ला. मग तिसरा. शिऱ्याला तोंड फिरवणारी बाई पेढ्यावर पेढे खातेय हे जाऊबाईंनी दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. लावू दे. चांगला खमंग असतो हो कंदी पेढा. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं.

बापू उठले तेव्हा मी विचारलं, "आता रविवारचे पुण्याला जाणार का?"

"एकटा जाऊन काय करू वैनी? पैज कुनासंगं लावायची?"

"ते वांगं परत पळणार आहे का?"

ते गोंधळले. मी त्यांना ओट्यावरची रेस सांगितली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते पोट धरून हसले. म्हणाले, व्हय की, फुडल्या रविवारी हाय ती. काळी घोडी. मोठी रेस हाय.

"मग माझा एक बॉक्स तिच्यावर," मी म्हटलं. "तुम्ही दुसरी कोणती ती घ्या. येताना रहिमतपूरला उतरू नका, सरळ सांगलीला या आणि काय झालं ते ओट्यावर मांडून दाखवा."

शालू आतून ओरडली, "आई! तू? पैज?"

मी तुमच्या फोटोकडे बघून सांगितलं, "शपथ यांनी घेतली होती. मी कुठे घेतलीय?"